उसाच्या फडात राहून गेलेले डोस

एप्रिल २०२३ मध्ये वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर मी दौंडमधल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. आम्हाला मूल हवे होते, माझे वय ३३ होते आणि आधी सगळ्या तपासण्या एकदा करून घ्याव्यात, असे आम्ही दोघांनी ठरवले होते. डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले आणि मग लहानपणी कोणकोणत्या लसी झाल्या आहेत, असे विचारले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईला मी दरवर्षी हाच प्रश्न विचारते आणि तिला सांगता आले नाही तर घरून कार्ड घेऊन यायला लावते. स्वतःबद्दल मात्र मला एकाही लसीचे नाव खात्रीने सांगता आले नाही. डॉक्टरांनी केसपेपरवर त्या जागी ‘माहिती नाही’ असे लिहिले आणि हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड यांच्या खाली आणखी एक तपासणी लिहून दिली : रुबेला आयजीजी.

चार दिवसांनी रिपोर्ट आला, त्यात रुबेला आयजीजी निगेटिव्ह होते. एरवी रिपोर्टमध्ये निगेटिव्ह हा शब्द दिसला की जीव भांड्यात पडतो. इथे त्याचा अर्थ उलटा होता. माझ्या रक्तात रुबेलाविरुद्धची प्रतिपिंडे नव्हती, म्हणजे तो आजार मला होऊन गेलेला नव्हता आणि त्याची लसही मला मिळालेली नव्हती. रुबेला मोठ्या माणसाला झाला तर थोडा ताप, अंगावर बारीक पुरळ, कानामागे गाठी एवढ्यावर निभावते आणि कित्येकांना तो झाल्याचे कळतही नाही. पण गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत झाला तर विषाणू वारेतून बाळापर्यंत पोचण्याची शक्यता फार मोठी असते आणि बाळ मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयातले दोष घेऊन जन्माला येऊ शकते. हा संबंध १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञांच्या लक्षात आला होता. जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळे त्यांच्याकडे एकामागून एक येऊ लागली, तेव्हा त्यांनी आयांची विचारपूस केली आणि त्यांतल्या बहुतेकींना दिवस गेल्यावर सुरुवातीलाच रुबेला होऊन गेल्याचे आढळले. माझा तर सगळा दिवस लहान मुलांच्या गराड्यात जातो आणि पुरळ उठलेले मूल ताप उतरला की आई-बाप पुन्हा शाळेत आणून बसवतात, हे मी दरवर्षी पाहते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, आधी लस घ्या, शेवटच्या डोसानंतर निदान एक महिना थांबा आणि मगच बाळाचा विचार करा; ही जिवंत विषाणूची लस असल्यामुळे दिवस गेल्यावर ती देता येत नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि तिथूनच ही सगळी खटपट सुरू झाली. रुबेलाची लस राहिली असेल तर इतरही राहिल्या असण्याची शक्यता आहे, तेव्हा घरी विचारून जेवढे आठवेल तेवढे लिहून आणा, असे त्या म्हणाल्या.

माझे माहेर बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातले. आई आणि अण्णा ऊसतोडीला जात. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या आगेमागे बैलगाडीवर संसार लादून पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्या तरी कारखान्यावर जायचे, फडाजवळ कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, घालायची, पहाटे अंधारात तोडणीला लागायचे आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उन्हाळ्यात गावी परतायचे, असे त्यांचे वर्ष असे. पहिलीत गेल्यावर मला आजीजवळ ठेवले, म्हणून मी शिकले. पण त्याआधीचे पाचही हिवाळे माझे कोपीतच गेले.

मे महिन्याच्या सुट्टीत मी गावी गेले आणि आईला विचारायला बसले. तिला कोणत्याही लसीचे नाव ठाऊक नव्हते, पण माझ्या अंगावर काय काय निघाले हे तिला बारकाईने आठवत होते. “तुला गोवर आला व्हता, दुसऱ्या वर्सी, कोपीत. लिंबाच्या पाल्यात निजवलं व्हतं. आठ दिस मी फडात गेले नव्हते, मुकादमानं खाडे धरले.” कांजिण्या मला पाचवीत आल्या, त्या मला स्वतःलाच आठवतात आणि कपाळावरचे दोन खड्डे अजूनही दिसतात. सुई टोचल्याचे विचारले तर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “म्या कोयत्याला गेले नसते तर तुझे डोस ऱ्हायले नसते, माय.”

मी तिचा हात धरला आणि पदर सारून तिचा दंड पाहिला. तिच्या दंडावर देवीच्या लसीचे दोन गोल, सुरकुतलेले वण आहेत. प्रत्येक वण चार आण्याच्या नाण्याएवढा आहे आणि त्याच्या आत कातडी पातळ कागदासारखी चमकते. तिच्या लहानपणी गावात येऊन लोकांच्या देवी काढत असत. देवीचा रोग देशातून १९७५ मध्ये गेला, म्हणून माझ्या दंडावर तसे वण नाहीत. पण माझ्या डाव्या दंडावर वरच्या बाजूला एक लहानसा, आत दबलेला वण आहे आणि तो बीसीजीचा, म्हणजे क्षयरोगाच्या लसीचा आहे, हे डॉक्टरांनी आधीच ओळखले होते. याचा अर्थ मी अगदी तान्ही असताना कोणीतरी नर्सबाई आमच्यापर्यंत पोचली होती. आईला ती आठवत नव्हती, पण वण होता. बीसीजीचा वण नसला म्हणजे लस झालीच नाही असे म्हणता येत नाही, कारण काहींना तो उठतच नाही. असला तर मात्र तो पुरावा धरतात. ३३ वर्षांच्या माझ्या लसीकरणाची एवढी एकच नोंद शिल्लक होती.

मग मी वहीत तारखा मांडल्या. माझा जन्म सप्टेंबर १९८९ चा. त्रिगुणी लसीचे (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात) आणि पोलिओचे डोस बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी द्यायचे असतात. म्हणजे माझी पहिली वेळ ऑक्टोबरच्या शेवटी, दुसरी डिसेंबरच्या सुरुवातीला आणि तिसरी जानेवारीत येत होती. पहिल्या वेळी गावात बिऱ्हाड बांधण्याची घाई चालली असणार, दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी मी फडाच्या बांधावर पाचटावर अंथरलेल्या गोधडीत होते. बूस्टर दीड वर्षाला असतो, म्हणजे तोही मार्चमध्ये, पट्टा पडण्याआधी. गोवराची लस नवव्या महिन्यात, जूनमध्ये. तेव्हा आम्ही गावात होतो, पण पेरणीचे दिवस होते आणि उपकेंद्र दुसऱ्या गावात होते. हे गणित कागदावर उतरल्यावर मला पहिल्यांदा नीट कळले की, माझे डोस आईच्या निष्काळजीपणामुळे राहिलेले नव्हते. नर्सबाईची यादी गावाची होती आणि आम्ही गावात नसताना प्रत्येक डोसाची वेळ येऊन जात होती. जिथे आम्ही होतो, तिथल्या यादीत आमचे नाव असण्याचे कारणच नव्हते.

आणखी एक गोष्ट मी आईला सांगितली, ती ऐकून तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. रुबेलाची लस तेव्हा सरकारी कार्यक्रमात नव्हतीच. देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला आणि टप्प्याटप्प्याने १९९० पर्यंत सगळ्या जिल्ह्यांत पोचला. त्यात क्षयरोग, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ आणि गोवर या सहा आजारांच्या लसी होत्या. गोवर-रुबेलाची लस या कार्यक्रमात २०१७ पासून येऊ लागली. ब प्रकारच्या काविळीची लस देशभर २०११ मध्ये पोचली, तेव्हा मी नोकरीला लागले होते. म्हणजे आई वर्षभर गावात राहिली असती, एकही वेळ चुकली नसती, तरी या दोन लसी मला मिळाल्या नसत्या. १९८०-९० च्या दशकांत जन्मलेल्या आणि सरकारी दवाखान्यावरच अवलंबून असलेल्या माझ्या वयाच्या बहुतेकांची हीच स्थिती आहे, मग ते फडात वाढलेले असोत की तालुक्याच्या गावी. आपले सगळे डोस झाले आहेत, असे जे छातीठोकपणे सांगतात, त्यांनी आपल्या जन्मसालात कोणत्या लसी होत्या हे एकदा पाहावे, असे मला मनापासून वाटते.

माझी वही पाहून डॉक्टरांनी पाच मिनिटांत निर्णय दिले. त्यांचे सूत्र साधे होते : लेखी नोंद नाही, तर डोस झालेला नाही असे धरायचे. असलेला डोस पुन्हा घेतल्याने अपाय होत नाही, नसलेला डोस आहे असे धरून चालण्यात धोका आहे. हे ऐकताना मला २७ नोव्हेंबर २०१८ पासूनचे दिवस आठवले, जेव्हा महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली आणि नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला, आधी लस झालेली असो वा नसो, तो डोस द्यायचा होता. तो ऊसतोडीचा हंगाम होता आणि आमच्या शाळेत तोडकऱ्यांची मुले येत होती. एक बाई आपल्या नातवाला पाठीशी घालून उभी होती आणि गावाकडे दिली असेल की ही सुई, असे पुन्हा पुन्हा म्हणत होती. दिली असली तरी चालते, असे मी तिला समजावले होते आणि तिने ऐकले होते.

गोवर येऊन गेल्याचे आईचे म्हणणे डॉक्टरांनी मनावर घेतले, पण ताप आणि पुरळ कितीतरी आजारांत येतात, त्यामुळे त्याला पुरावा मानता येत नाही, असे त्या म्हणाल्या. शिवाय मोठ्यांना मिळते ती गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित एमएमआर लस. गोवराची प्रतिकारशक्ती आधीच असली तरी त्या लसीने काही बिघडत नाही. तिचे २८ दिवसांच्या अंतराने दोन डोस ठरले. कांजिण्या होऊन गेल्याचे कपाळावरच दिसत होते, म्हणून ती लस गाळली. बीसीजीचा प्रश्न वणाने सोडवला होता. ब काविळीसाठी आधी रक्त तपासले, त्यात ना आजार निघाला ना प्रतिकारशक्ती, म्हणून शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस लिहिले. पोलिओबद्दल मी विचारले, तेव्हा देशात जानेवारी २०११ नंतर जंगली विषाणूचा रुग्ण सापडलेला नाही आणि आपल्याकडे मोठ्यांना ही लस नेहमीच्या कार्यक्रमात देत नाहीत, असे सांगून त्यांनी तो विषय संपवला.

धनुर्वाताबद्दल मात्र माझा समज चुकीचा निघाला. खिळा लागला, पत्रा कापला की टीटीचे इंजेक्शन मी कितीदा तरी घेतले होते, दहावीत शाळेतही घेतले होते, म्हणून तिथे काही बाकी नसेल असे मी धरून चालले होते. पण टीटीत फक्त धनुर्वाताची लस असते. त्रिगुणीतले उरलेले दोन आजार, घटसर्प आणि डांग्या खोकला, तसेच राहतात. लहान मुलांची त्रिगुणी लस सात वर्षांनंतर देत नाहीत. मोठ्यांसाठी टीडी असते, तिच्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचा कमी मात्रेचा अंश असतो, आणि टीडॅप असते, तिच्यात डांग्या खोकलाही येतो. अलीकडे सरकारी दवाखान्यांत टीटीच्या जागी टीडीच देतात. मला पहिले दोन डोस महिन्याच्या अंतराने आणि तिसरा सहा ते बारा महिन्यांनी घ्यायचा होता. या तिन्हींपैकी एक टीडॅप असावा, असे ठरले.

कागदावर सगळे ठरल्यावर लस मिळवणे सोपे असेल, असे मला वाटले होते, पण सर्वांत जास्त दमछाक तिथेच झाली. सरकारी केंद्रात गोवर-रुबेलाची लस मुलांसाठी येते, ती मोठ्यांना देता येत नाही, हे मला समजण्यासारखे होते. एका खासगी रुग्णालयात मात्र खिडकीवरूनच, ही लहान मुलांची लस आहे, मोठ्यांना आम्ही देत नाही, असे सांगून मला परत पाठवले. दुसऱ्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचून, या वयात हे काढून काय उपयोग, आता जे व्हायचे ते होऊन गेले, असे सांगितले. हातात स्त्रीरोगतज्ज्ञांची स्पष्ट चिठ्ठी नसती तर मी तिथेच थांबले असते. मोठ्या माणसाने राहिलेली लस मागायला जाणे ही गोष्ट आपल्याकडे अजून इतकी अनोळखी आहे की, मागणाऱ्यालाच आपण काही भलतेच मागतो आहोत असे वाटायला लागते.

तिसऱ्या ठिकाणी लस टोचून देतो, पण कुपी तुम्ही आणा, असे सांगितले. मी एका औषधाच्या दुकानातून कुपी घेतली. दुकानदाराने ती फ्रिजमधून काढली, कागदी खोक्यात घातली, खोके प्लास्टिकच्या पिशवीत टाकले आणि पिशवी माझ्या हातात दिली. ११ मे होता, दुपारचे दीड वाजले होते आणि एसटीच्या खिडकीची कड हात लावू देत नव्हती. पाऊण तासाने मी दवाखान्यात पोचले, तेव्हा तिथल्या सिस्टरने खोके हातात घेतले, उलट्या हाताने त्याला स्पर्श केला आणि बर्फ कुठे आहे, असे विचारले. बर्फ नव्हता. तिने कुपी टेबलावर ठेवली आणि नम्रपणे, पण ठाम शब्दांत सांगितले की, ही आता टोचता येणार नाही. लस दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात राहिली पाहिजे, आणि जिवंत विषाणूची लस उन्हात तापली तर तिच्यातले विषाणू मरतात. टोचले तरी अंगात केवळ पाणी जाते आणि माणूस वर्षानुवर्षे आपण सुरक्षित आहोत असे समजून राहतो. काही शे रुपये वाया गेले याचे मला त्या वेळी वाईट वाटले. पण तिने ती कुपी मुकाट्याने टोचली असती तर मला कधीच कळले नसते, हे घरी आल्यावर जाणवले आणि त्या सिस्टरबद्दल माझ्या मनात जो आदर निर्माण झाला तो आजही आहे.

तिनेच मला मार्ग दाखवला. बालरोगतज्ज्ञांकडे जा, असे ती म्हणाली, कारण एमएमआर ही त्यांना रोज लागणारी लस असल्यामुळे ती त्यांच्या स्वतःच्या फ्रिजमध्ये असते आणि ती बाहेरून आणावी लागत नाही. मला वाटते, हा लेख वाचून कोणी निघणार असेल तर त्याने हे एवढे लक्षात ठेवावे.

१५ मे रोजी मी आणि माझे पती एका बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. बाकड्यांवर तान्ही बाळे घेतलेल्या आया होत्या आणि आमच्या हातात बाळ नव्हते. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, शेवटच्या पाळीची तारीख विचारली, दिवस गेलेले नाहीत याची खात्री केली, कोणत्या औषधाची किंवा लसीची ॲलर्जी आहे का, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारले आणि फ्रिज उघडला. कुपीच्या तळाशी लसीची वाळलेली, खरपुडीसारखी टिकली होती. त्यांनी सोबतच्या दुसऱ्या कुपीतले निर्जंतुक पाणी सिरिंजमध्ये ओढून तिच्यात सोडले आणि कुपी दोन बोटांत धरून हलकेच फिरवली. टिकली कडेने विरघळत गेली आणि क्षणभरात दिसेनाशी झाली. एकदा पाणी घातले की ती काही तासांतच वापरावी लागते, असे त्यांनी सांगितले. उजव्या दंडावर कातडीखाली अर्धा मिलिलिटर एमएमआर आणि डाव्या दंडाच्या स्नायूत ब काविळीचा पहिला डोस, असे दोन्ही एकाच वेळी झाले. पतींचीही कसली नोंद नव्हती, म्हणून त्यांनीही एमएमआर घेतली. अर्धा तास बसायला सांगितले होते, तेवढे आम्ही बसलो. मी बरोबर नेलेल्या वहीत डॉक्टरांनी लसीचे नाव, तारीख, बॅच क्रमांक लिहिला आणि सही-शिक्का दिला. माझ्या आयुष्यातली लसीची ती पहिली लेखी नोंद होती आणि मी ती बसमध्ये दोनदा उघडून पाहिली.

टीडीसाठी आमच्या गावाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. ती तिथे मोफत मिळते. तिथल्या आरोग्यसेविकेने मला कुपीवरचे व्हीव्हीएम, म्हणजे लस तापली का ते दाखवणारी खूण, दाखवले. एका गडद वर्तुळात फिकट चौकोन असतो आणि कुपीला उष्णता लागत गेली की चौकोन हळूहळू काळवंडतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेतो लस वापरता येते. दोन्हींचा रंग सारखा झाला की ती फेकायची. ११ मेच्या त्या दुपारनंतर मला त्या नखाएवढ्या चौकोनाचे मोल समजत होते.

एमएमआरनंतर बारा-तेरा दिवसांनी माझ्या बोटांची पेरे आणि गुडघे दुखू लागले. पोळ्या लाटताना मनगट वळत नव्हते. मी घाबरून फोन केला, तेव्हा रुबेलाची प्रतिकारशक्ती नसलेल्या प्रौढ स्त्रियांत चारांतल्या एकीपर्यंत हे होते, लस अंगी लागत असल्याची ही लक्षणे आहेत आणि ती आपोआप जातात, असे डॉक्टरांनी सांगितले. तीन दिवसांत दुखणे थांबले. हे आधी सांगितलेले असते तर बरे झाले असते, असे मात्र मला वाटते; न सांगता अंगदुखी आली की माणूस दुसऱ्या डोसाला जात नाही.

१२ जूनला, बरोबर २८ दिवसांनी, शाळा उघडण्याच्या आत दुसरा डोस घेतला. ब काविळीचा दुसरा डोस त्याच दिवशी आणि टीडीचा दुसरा त्याच आठवड्यात झाला. त्या वेळी काही दुखले नाही. एमएमआरचे दोन डोस झाल्यावर रुबेलाची रक्ततपासणी पुन्हा करण्याची गरज नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. काविळीचा तिसरा डोस दिवाळीनंतर २० नोव्हेंबरला झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये प्रतिपिंडे मोजली. १० किंवा त्याहून जास्त आकडा पुरेसा मानतात, माझा १८६ आला.

फेब्रुवारीच्या अखेरीस मला दिवस गेले. टीडीचा तिसरा डोस तोवर राहिला होता. डॉक्टरांनी तो मुद्दाम पुढे ढकलला आणि सत्ताविसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्याच्या दरम्यान त्या जागी टीडॅप द्यायचे ठरवले, कारण त्या वेळी घेतलेल्या लसीची प्रतिपिंडे आईकडून बाळाला मिळतात आणि बाळाचा स्वतःचा पहिला डोस होईपर्यंतच्या दीड महिन्यात डांग्या खोकल्यापासून त्याचे रक्षण करतात. मधे वर्षाहून अधिक काळ गेला होता, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल का, असे मी विचारले. अंतर वाढले तरी आधीचे डोस वाया जात नाहीत, जिथे थांबलो तिथून पुढे जायचे, असे त्या म्हणाल्या. एमएमआरपेक्षा ही लस बरीच महाग पडली. सप्टेंबरमध्ये, गणपतीच्या सुट्टीत, मी ती घेतली.

नोव्हेंबरच्या शेवटी मुलगी झाली. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत तिला ब काविळीचा डोस, बीसीजी आणि पोलिओचे थेंब मिळाले. आई महिनाभर माझ्याजवळ होती. दंडावर बीसीजी कुठे टोचली, हे तिने सिस्टरला दोनदा विचारून घेतले.

माझा धाकटा भाऊ आणि वहिनी अजून कोयत्याला जातात. त्यांच्या मुलीचा गोवर-रुबेलाचा पहिला डोस गावात झाला होता. दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो, आणि तिचा अठरावा महिना जानेवारी २०२५ मध्ये, हंगामाच्या भरात येत होता. दसऱ्याला ते निघण्याच्या आधी मी वहिनीशी फोनवर बोलले होते. कार्ड पत्र्याच्या पेटीत गावी ठेवू नकोस, बरोबर ने, फडापासून जवळचे उपकेंद्र कुठे आहे ते पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात विचार आणि जिथे असशील तिथल्या आशाताईला कार्ड दाखव, कारण डोस गावातच घ्यावा असा काही नियम नाही. कार्डावर पुढच्या डोसाच्या जागी तिने पेनने गोल करून घेतला होता.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲपवर तिचा फोटो आला. पाठीमागे कोपीचे पाचट दिसत होते, बॅटरीच्या उजेडात कार्ड धरले होते आणि त्या गोलात कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका उपकेंद्राचा शिक्का आणि तारीख होती. मी फोन आईकडे दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, शिक्क्यावर बोट ठेवले आणि हे कोणत्या गावचे आहे, असे मला विचारले.